लोणावळ्यापेक्षा खोडदला जाऊ या

सहलीसाठी लोणावळा सुचवलंय, पण आपल्या हॅकिंगवाल्या, म्हणजे यंत्रं खोलून-जोडून बघायची हौस असलेल्या, मंडळींना धबधब्यापेक्षा खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण जास्त आवडेल, असं मला मनापासून वाटतं. पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर नारायणगाव, तिथून थोडं आत. एका दिवसात आरामात होतं.

४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. जवळ गेल्यावर कळतं की तबकडी भरीव पत्र्याची नाहीच; स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून बसवलीय. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही करामत. आपण जुगाड म्हणतो ना, त्याचं हे सर्वांत देखणं रूप!

परवानगी मात्र आधी लेखी घ्यायची, सगळ्यांच्या नावांसकट. आणि आवारात मोबाईल पूर्ण बंद. स्मार्टवॉच, ब्लूटूथ इयरफोन, ड्रोन घरीच ठेवा. अवकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला फोनही त्यांत गोंगाट करतो. त्यामुळे भेटायची जागा आणि वेळ प्रत्येकाकडे कागदावर हवी.

चाकणची कोंडी टाळायला पहाटेच निघू. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची तर पैसे आधी जमा करावेत, ऐनवेळी गळती होते. एसडीआर डोंगल (संगणकाला जोडून रेडिओ लहरी पकडायचं छोटं उपकरण) असलेल्यांनी परतीच्या वाटेवर, दुर्बिणीपासून लांब आल्यावर, बाकीच्यांना ते दाखवावं. परवानगीचा अर्ज लिहायला मी तयार आहे, नावं कळवा.