मदत हवी आहे : ॲसिडियन डिंभाच्या चिकटांगांमधील नेमकी कोणती पेशी डिंक स्रवते?

नमस्कार. मी ठाण्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. बेलापूरच्या जेट्टीवर पाण्यात बुडालेल्या दोरावर सापडलेल्या ॲसिडियनच्या (समुद्रात एका जागी चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या प्राण्याच्या) वसाहतीतून मिळालेले डिंभ, म्हणजे त्याच्या अळ्या, रेझिनमध्ये बसवून मी त्यांचे एक मायक्रॉन जाडीचे छेद घेतले आणि टोलुइडिन ब्लूने रंगवले आहेत. प्रजातीची ओळख अजून पटलेली नाही.

हा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा शेपटीवर पोहतो, काही खात नाही, आणि डोक्याच्या टोकावरील तीन चिकटांगांनी, म्हणजे पॅपिलांनी, एकदा पृष्ठभागाला चिकटला की शेपटी आत ओढून घेऊन रूपांतरणाला लागतो. माझी अडचण नावे घालण्याची आहे. माझ्याकडच्या जुन्या आकृतीत पॅपिलाच्या मधोमध उभ्या असलेल्या उंच पेशींना ‘स्रावी पेशी’ म्हटले आहे. सायोना या प्रजातीवरील 2019च्या अभ्यासात मात्र प्रत्येक पॅपिलात 4 अक्षीय स्तंभपेशी, 4 संवेदी चेतापेशी आणि 12 कॉलोसाइट मोजले असून, डिंक स्रवण्याचे काम कॉलोसाइटकडे दिले आहे. माझ्या छेदांत मधल्या पेशी फिकट दिसतात आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी जांभळ्या कणांनी, शेंगेत दाणे भरावेत तशा, ठासून भरलेल्या आहेत. या भोवतालच्या पेशींना मी कॉलोसाइट म्हणावे का?

उत्तर

कणांवरून तुमचा अंदाज योग्य दिशेने जातो, पण रंगावरून नाव पक्के करू नका. सायोना एकेकटी वाढणारी प्रजाती आहे. तिचे आकडे वसाहती प्रजातीवर जसेच्या तसे बसवता येणार नाहीत. सायोनाचे तीन पॅपिला त्रिकोणात असतात, तर अनेक वसाहती डिंभांत ते एका उभ्या रांगेत असतात, आणि काहींत देठावरच्या वाटीसारखे होऊन उलटे बाहेर येतात. त्यामुळे आधी प्रजाती ठरवा. शिवाय तिरका छेद गेला तर मधली पेशीही कडेची भासते, हे मी स्वतः भोगले आहे. म्हणून एकाच पॅपिलाचे ओळीने छेद तपासा.

शक्य असल्यास ताजे डिंभ काचपट्टीवर चिकटू द्या. मग शेंगदाण्यापासून मिळणारे पीएनए हे लेक्टिन, म्हणजे ठरावीक शर्करांना चिकटणारे प्रथिन, प्रतिदीप्त रंगासह वापरा. सायोनात कॉलोसाइटचे कण आणि काचेवर उरलेला डिंकाचा ठसा, दोन्ही त्याने उजळतात. तुमच्या डिंभात तसेच झाले, तर नाव निर्धास्त घाला.

धागाकर्ता

आभारी आहे. डिंभ अजून जिवंत आहेत. उद्या सकाळी काचपट्ट्या घेऊन पुन्हा बसतो.