इंग्रजी साहित्यात बी. ए. झाल्यावर पुढे काय करावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, लातूर जिल्हा)
नमस्कार. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून मी सध्या इंग्रजी विशेष विषय घेऊन बी. ए.च्या तिसऱ्या वर्षात आहे. विषय मनापासून आवडतो, परंतु एम. ए. केले तर शिक्षकी पेशाशिवाय मार्ग उरणार नाही, आणि तिथेही जागा निघत नाहीत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. एम. ए. करावे की बी. एड.? अध्यापनाबाहेर या पदवीला खरोखर कुठे विचारतात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (प्राध्यापक)
घरच्यांची काळजी रास्त आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी खुल्या प्रवर्गात एम. ए.ला किमान ५५ टक्के गुण आणि सोबत नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. मात्र पात्रता हाती असूनही कित्येकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवावे लागते, हे मी रोज पाहतो आणि त्याचे मला अतिशय वाईट वाटते. शाळेत शिकवायचे असल्यास दोन वर्षांचे बी. एड. करून राज्याची शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि मग पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरील भरतीकडे डोळे लावून बसावे लागते. तरीही वाचनाची ओढ असेल तर एम. ए. जरूर करा, फक्त भाषाविज्ञान आणि अनुवाद हे विषय जिथे नीट शिकवले जातात असा विभाग निवडा. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही अवश्य द्या.

उत्तर (भाषांतरकार)
ताई, मराठी माध्यम ही तुमची उणीव नसून भांडवल आहे, हे आधी मनात पक्के करा. जिल्हा न्यायालयांत साक्षी, पंचनामे, फिर्यादी बहुतांशी मराठीत असतात, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्यामुळे अपील वर गेले की हे कागद इंग्रजीत आणावे लागतात. घटनास्थळाच्या पंचनाम्यात पानभर एकच वाक्य असते: दरवाजा पूर्वेला, ओसरीवर रक्ताचा डाग, कोयता कणगीमागे (धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीमागे), तो कोणी काढून दाखवला आणि पंचांनी काय पाहिले. यातला कर्ता कुठे बदलतो हे ओळखून, स्वतःच्या पदरचे काहीही न घालता ते इंग्रजीत मांडायचे असते, कारण एका चुकीच्या सर्वनामाने कोयता दुसऱ्याच्याच हाती जाऊ शकतो. कवितेची एकेक ओळ थांबून वाचण्याची जी सवय तुमच्या वर्गात लागते, तीच इथे उपयोगी पडते, आणि ज्याला कणगी ठाऊक नाही त्याला हे काम जमत नाही. वकिलांकडून पानागणिक मिळणाऱ्या कामापासून सुरुवात करता येते. शिवाय न्यायालयांत आणि राज्याच्या भाषा संचालनालयात अनुवादाची पदे असतात.

उत्तर (टेक्निकल रायटर, पुणे)
सॉफ्टवेअर कंपन्यांतही टेक्निकल रायटर म्हणून, म्हणजे वापरपुस्तिकांसारखे लेखन करण्यासाठी, इंग्रजीच्या पदवीधरांना वाव आहे. मुलाखतीत पदवीपेक्षा लेखनाचे नमुने पाहिले जातात, म्हणून निकालाची वाट न पाहता एखाद्या ॲपची वापरपुस्तिका स्वतः लिहून ठेवा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. केंद्र सरकारच्या अनुवादकपदांसाठी इंग्रजीत एम. ए. चालते का?

उत्तर (भाषांतरकार)
चालते, मात्र ही पदे हिंदी-इंग्रजी अनुवादाची असल्याने कर्मचारी निवड आयोगाच्या अटीनुसार पदवीला हिंदी हा अनिवार्य वा ऐच्छिक विषय किंवा परीक्षेचे माध्यम असावे लागते, आणि जोडीला अनुवादाची मान्यताप्राप्त पदविका, प्रमाणपत्र अथवा सरकारी कार्यालयातील दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव लागतो. तुमच्या पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिकांवर हिंदी आहे का ते आजच पाहा, कारण पदवी पूर्ण झाल्यावर ही उणीव भरून काढणे अवघड जाते.