अनुभव धागा: ब्रायन कॉक्स तुम्हाला कुठे भेटला?

नट ब्रायन कॉक्स म्हटलं की हल्ली लोकांना 'सक्सेशन' मालिकेतला लोगन रॉय आठवतो आणि त्याच्या तोंडची ती एक शिवी. मला हे जरा टोचतं, कारण मी या माणसाला आधी रंगमंचावर पाहिलं, मालिकेत नंतर. १९४६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत जन्म. शाळा सुटल्यावर, पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर, तिथल्याच डंडी रेप (म्हणजे रेपर्टरी) नाट्यगृहात पडेल ते काम. मग लंडनच्या लॅम्डात नाट्यशिक्षण, आणि १९६५ साली एडिंबऱ्याच्या रॉयल लायसियम नाट्यमंडळीच्या पहिल्यावहिल्या संचात जागा. पुढची कितीतरी वर्षं मुख्य मुक्काम नाटकातच. रस्त्यात अडवून लोक फोटो काढतात ती प्रसिद्धी आली सत्तरी ओलांडल्यावर.

तर हा धागा त्याच्या कामाच्या तुमच्या अनुभवांसाठी. नाटक, सिनेमा, पुस्तक, त्याचं गाव, काहीही चालेल. चित्रपटांची यादी मात्र इथे ओतू नका, ती सगळ्यांना सापडते. आणि त्याने शेक्सपिअरचा लियर राजा केलाय म्हणून 'नटसम्राट' आठवणारच. पण ती चर्चा सुरू झाली की धागा तिकडेच वाहत जातो, हे आपण सगळे जाणतो. आवरा.

सुरुवात माझ्यापासून. एडिंबऱ्यात नोकरीला होते तेव्हा, २०१५ साली, लायसियममध्ये 'वेटिंग फॉर गोदो' लागलं. मंडळीला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने. कॉक्स व्लादिमिर, बिल पॅटरसन एस्त्रागॉन. माझं तिकीट अगदी वरच्या सज्जातलं; तिथून नटांचे चेहरे कमी आणि टाळकी जास्त दिसतात. म्हणून मी कान देऊन बसले. दोघंही आपल्या स्कॉटिश बोलीच्या हेलातच बोलत होते. कॉलेजात ज्या नाटकावर मी 'अस्तित्ववाद' असा मथळा देऊन टिपणं काढली होती, ते बसस्टॉपवर कुरकुरणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं निघालं. दुसऱ्या अंकात टोप्यांची अदलाबदल होते तिथे शेजारचे आजोबा खुर्चीतून घसरायचे बाकी होते. १९६५ साली याच मंचावर ही मंडळी उभी राहिली ती गोल्डोनीच्या इटालियन फार्सच्या स्कॉट्स अवताराने, आणि कॉक्स त्यातही होता. म्हणजे विनोदाचं अंग जुनंच.

तायकाठची

मी डंडी विद्यापीठात शिकत होते तेव्हा कॉक्स आमचे रेक्टर होते (२०१० ते २०१६, दोन मुदती). आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं हे पद नव्हे. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत रेक्टर विद्यार्थी मतदानाने निवडतात, आणि तो विद्यापीठाच्या कारभारी मंडळात विद्यार्थ्यांची बाजू मांडायला बसतो. डंडीचे पहिले रेक्टर पीटर उस्तिनोव्ह, मध्ये स्टीफन फ्राय होऊन गेले. नटांना निवडून द्यायची आमच्या विद्यापीठाला खोडच आहे म्हणा. नव्या रेक्टरला उघड्या गाडीत बसवायचं आणि ती गाडी विद्यार्थ्यांनी गावातून ओढत न्यायची, अशी प्रथाही आहे.

मी त्यांना लांबूनच पाहिलं, त्यामुळे सांगण्यासारखा किस्सा माझ्याकडे नाही. माझ्या घरमालकीणबाईंकडे मात्र होते. त्या तरुणपणी ज्यूटच्या गिरणीत होत्या. म्हणायच्या, डंडीतल्या एका विशिष्ट वयाच्या प्रत्येक माणसाला वाटतं की आपण ब्रायनच्या वर्गात होतो! कॉक्स पाच भावंडांत धाकटे. वडिलांचं किराणा दुकान होतं, गिऱ्हाईकं सगळी गरीब, उधारी भरपूर. ब्रायन आठ वर्षांचा असताना वडील कर्करोगाने गेले तेव्हा बँकेत फक्त दहा पौंड होते. पुढे आईची मनःस्थिती ढासळली, ती वरचेवर रुग्णालयात. मुलाला वाढवलं मोठ्या बहिणींनी. विधवा पेन्शन शुक्रवारी मिळायचं. म्हणून गुरुवारी रात्री पोरगा चिप्सच्या दुकानात जाऊन तळणीतला उरलेला पिठाचा चुरा मागून आणायचा. हे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलंय. घरमालकीणबाईंना त्याचं काही विशेष वाटत नसे. "आम्ही सगळेच जायचो की," एवढंच.

गिरणगावकर

वरच्या ताईंनी ज्यूटचा विषय काढला, बरं झालं. माझे आजोबा परळच्या कापड गिरणीत होते, त्यामुळे डंडीला गेलो तेव्हा बायकोला व्ही अँड ए संग्रहालयात सोडून मी थेट व्हर्डंट वर्क्स गाठलं. जुनी ज्यूट गिरणी, आता संग्रहालय. तिथले माग चालू करून दाखवतात. एकाच मागाचा तो आवाज ऐकल्यावर कळतं की शेकडो मागांखाली राबणाऱ्या बायका ओठ वाचून आणि हातवारे करून का बोलायच्या. कामगारांत बायकाच जास्त होत्या. कॉक्सची आईही ज्यूट गिरणीत सूत कातणारी.

कच्चा ज्यूट यायचा बंगालमधून. धागा मऊ करायला लागायचं व्हेल माशाचं तेल, आणि डंडी हे व्हेल शिकारीचं बंदर, म्हणून हा धंदा नेमका तिथे रुजला. मग कोलकात्यातच हुगळीकाठी गिरण्या निघाल्या, त्या चालवायला डंडीचेच मॅनेजर आणि फोरमन गेले, आणि डंडीचा धंदा हळूहळू बसला. कॉक्सने २००९ मध्ये बीबीसीसाठी याच विषयावर माहितीपट केला, स्वतः कोलकात्याला जाऊन. मिळाला तर जरूर बघा. त्यात तो नट म्हणून फिरत नाही, गिरणीकामगारांचा पोरगा म्हणून फिरतो.

एक गंमत. डंडीच्या लॉकी भागात 'कॉक्सेस स्टॅक' नावाची उंच, रंगीत विटांची चिमणी अजून उभी आहे. बऱ्याच पर्यटकांना वाटतं ती आपल्या नटाच्या घराण्याची. छे! ते कॉक्स गिरणीमालक, हे कॉक्स गिरणीकामगार.

जुना प्रेक्षक

माझं वय आता सांगत नाही, पण १९९० मध्ये लंडनला नॅशनल थिएटरमध्ये त्याचा 'किंग लियर' पाहिला आहे. दिग्दर्शन डेबोरा वॉर्नरचं. कंपनीच्या कामासाठी गेलो होतो, परतीचं विमान दुसऱ्या दिवशी, आणि तिकीट ऐनवेळी मिळालं.

लियर म्हटल्यावर माझ्या डोक्यात दाढी, झगा, धीरगंभीर पावलं. इथे म्हातारा व्हीलचेअरवरून आला, खिदळत, डोक्यावर कागदी मुकुट. राज्याची वाटणी हा त्याच्या लेखी घरच्या पार्टीतला एक खेळ. मुली कौतुकाचे शब्द बोलताहेत, तो ऐकतोय, सगळे हसताहेत. मग धाकटी मुलगी कॉर्डेलिया 'काही नाही' म्हणते. त्यानंतरची शांतता मी आजवर नाट्यगृहात कमी वेळा ऐकली असेल. कारण तोवर आम्हीही त्या पार्टीत सामील झालो होतो. राजाचा राग बघणं वेगळं आणि ज्याच्या विनोदावर आपण आत्ता हसलो त्या बापाचा राग बघणं वेगळं. वादळात तो ओरडला कमी. मला तरी जास्त आठवतं ते त्याचं मध्येच विसरणं, एखाद्या वाक्यावर थबकून आपणच चमकणं.

त्याच संचाचं 'रिचर्ड द थर्ड'ही होतं, त्यात इयन मॅकेलन रिचर्ड आणि कॉक्स बकिंगहॅम. लियरमध्ये मॅकेलन केंट. दोन्ही नाटकं घेऊन मंडळी जगभर फिरली. पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो त्यांचा ब्रॉडमूरचा प्रयोग. ब्रॉडमूर म्हणजे गंभीर गुन्हे केलेल्या मनोरुग्णांसाठीचं बंदोबस्ताचं रुग्णालय. तिथे प्रेक्षकांत अशी माणसं, ज्यांच्यातल्या काहींनी स्वतःच्या घरातल्यांचा जीव घेतलेला. त्यांच्यासमोर मेलेल्या मुलीला उचलून आणणारा बाप उभा करायचा. त्या दौऱ्यावर कॉक्सने रोजनिशी लिहिली, ती पुस्तकरूपाने आली. नटाने कसं लिहावं त्याचा नमुना: थकवा, चिडचिड, कंबरदुखी, आज कुठलं वाक्य का फसलं.

'टायटस अँड्रॉनिकस' (१९८७, वॉर्नरबरोबरच) माझा हुकला. त्यासाठी त्याला ऑलिव्हिए हे ब्रिटिश नाट्यपारितोषिक मिळालं, दुसऱ्यांदा. पहिलं 'रॅट इन द स्कल'साठी.

रीळवाला

फिल्म सोसायटीच्या दिवसांत मायकल मानचा 'मॅनहंटर' (१९८६) पाहिला. हॅनिबल लेक्टर हा नरभक्षक खुनी पडद्यावर पहिल्यांदा केला तो कॉक्सने, अँथनी हॉपकिन्सने नव्हे. पांढरी कोठडी, पांढरे कपडे, काही मिनिटांचं काम. डोळे वटारणं नाही, जिभल्या चाटणं नाही. कंटाळलेला, हुशार, थोडा बडबड्या माणूस. त्यासाठी त्याने स्कॉटलंडमधल्या पीटर मॅन्युएल या खऱ्या खुन्याचा आधार घेतला होता. मला आजही हाच लेक्टर जास्त घाबरवतो, भांडायचं असेल तर भांडा.

योगायोग बघा. 'मॅनहंटर' आला त्या वर्षी हॉपकिन्स नॅशनलमध्ये लियर करत होता. कॉक्सचा लियर नॅशनलला लागला १९९० मध्ये, आणि १९९१ मध्ये आला हॉपकिन्सच्या लेक्टरचा 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'. दोघांनी जणू भूमिका अदलाबदल करून घेतल्या. एकाला ऑस्कर मिळालं.

मार्व्हलवेडा

'एक्स-मेन'च्या दुसऱ्या भागातला कर्नल स्ट्रायकर. बस, माझा अनुभव एवढाच. नाटक वगैरे करतो हे इथेच कळलं.

तालीममास्तर

दिग्दर्शक कॉक्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी एकांकिका बसवतो, शिबिरं घेतो. एका ग्रंथालयात त्याचं 'सेलम टू मॉस्को' हाती लागलं आणि रात्रीत वाचून काढलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी, ग्लासनोस्तच्या, म्हणजे सोव्हिएत खुलेपणाच्या काळात, तो मॉस्को आर्ट थिएटरच्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याने आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' बसवलं.

निवड फार विचारपूर्वक आहे. नाटक घडतं १६९२ च्या सेलममध्ये, चेटकिणींच्या खटल्यांत. मिलरने लिहिलं अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकश्यांच्या काळात. आणि ते करणार मॉस्कोतली विशीतली पोरं, ज्यांच्या आजोबांच्या पिढीने शेजाऱ्याचं नाव देऊन स्वतःचा जीव वाचवण्याचे दिवस पाहिलेले. 'नाव सांग' या एका मागणीभोवती फिरणारं नाटक त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार. माझ्या मते दिग्दर्शक म्हणून त्याचं सगळ्यात मोलाचं काम हे. मी त्यातून उचललं ते इतकंच: नाटक निवडताना आधी समोरच्या पोरांच्या घरात काय घडून गेलंय ते पाहायचं.

त्याने पुढे लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या खुल्या मंचावर 'रिचर्ड द थर्ड'ही बसवलं. आणि सिनेमा दिग्दर्शित केला थेट २०२५ मध्ये, 'ग्लेनरोथन', वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. तो अजून पाहिला नाही.

तिरकस

एवढी आरती चाललीय तर एक खडा टाकतो. माणूस बोलतो फार. आत्मचरित्रात आणि मुलाखतींत एकेका नावाजलेल्या नटाची सालं काढलीत. 'सक्सेशन'मध्ये मुलाची भूमिका करणाऱ्या जेरेमी स्ट्राँगच्या भूमिकेत बुडून राहण्याच्या पद्धतीवर तर किती वेळा बोलला असेल. अरे बाबा, त्याची पद्धत त्याला लखलाभ, त्यालाही एमी मिळालंच ना?

धागाकर्ती

तिरकस, तुमचा मुद्दा नाकारत नाही, कधीकधी मलाही आता पुरे वाटतं. पण त्याची चीड कुठून येते ते बघा. रेपर्टरीत एक नाटक संध्याकाळी करायचं आणि पुढच्याची तालीम सकाळी. भूमिका अंगात घेऊन हिंडायला तिथे वेळ कुणाला? मेकअप पुसला की घरी. त्या शाळेतल्या माणसाला दिवसभर भूमिकेत राहणारा सहकारी हा त्रासच वाटणार. स्ट्राँगच्या अभिनयाचं कौतुक त्याने अनेकदा केलंय, हेही खरं.

बँकेतली बाई

मी २०२५ च्या जुलैमध्ये डंडी रेपमध्ये 'मेक इट हॅपन' पाहिलं. नंतर ते एडिंबरा महोत्सवात गेलं. जेम्स ग्रॅहमचं नाटक, विषय रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचं २००८ मधलं कोसळणं. सरकारने ४५ अब्ज पौंड ओतून वाचवलेली ती बँक. कॉक्स त्यात अ‍ॅडम स्मिथचं भूत! बँकेचा प्रमुख फ्रेड गुडविन सारखा स्मिथची साक्ष काढत असतो, आणि एक दिवस खुद्द स्मिथ येऊन उभा राहतो, आपलं पुस्तक लोकांनी अर्धवटच वाचलं म्हणून वैतागलेला.

खरं सांगायचं तर नाटक लांबलं. गाणी कमी चालली असती, आणि भूत यायला फार वेळ लावतं. माझ्यासारख्या कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या बाईला बँकेच्या बैठकांचे प्रवेश जास्त आवडले, ते इतके खरे होते की मी दोनदा नवऱ्याचा हात दाबला. पण कॉक्स आला आणि प्रेक्षागृहाचं तापमानच बदललं. तो शिरताच टाळ्या. त्याने त्या संपेपर्यंत थांबून, अगदी मोजून, पहिलं वाक्य टाकलं. ही जुन्या नटांची बैठक. आणि उधारीच्या वहीने बुडालेल्या दुकानदाराचा मुलगा अर्थशास्त्राचा बाप होऊन बँकवाल्यांना झापतोय, हे त्या गावच्या लोकांना सांगावं लागत नव्हतं.

ज्यांना डंडी रेप बघायचंय त्यांच्यासाठी: तो पोरवयात जिथे लागला ते जुनं नाट्यगृह १९६३ मध्ये जळालं. आताची इमारत टे स्क्वेअरमध्ये आहे, १९८२ पासून. स्टेशनापासून चालत जाता येतं, आणि खालच्या उपाहारगृहातलं सूप चांगलं आहे.