'सिद्धता', 'उपपत्ती' की 'उलगडा'?

प्रश्न :
गणिताच्या तत्त्वज्ञानावरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका मुद्द्यावर अडले. काही सिद्धता विधान खरं आहे एवढंच दाखवतात, काही ते का खरं आहे हेही सांगतात. या दुसऱ्या प्रकाराला नेमका शब्द हवा. 'स्पष्टीकरण' फार सैल वाटतं. 'उपपत्ती' चालेल?

उत्तर १ :
ताई, नक्की घ्या. भास्कराचार्य 'बीजगणित' या ग्रंथात विचारतात : काटकोन त्रिकोणाच्या काटकोनालगतच्या दोन बाजूंपैकी भुज तिथींइतका, कोटी नखांइतकी (म्हणजे १५ आणि २०), तर कर्ण किती? आणि लगेच पुढे : या रूढ गणिताची उपपत्ती सांगा. पुठ्ठ्याचे असे चार त्रिकोण कापा आणि कर्ण बाहेर येतील असे चौरसात मांडा. मधोमध ५ बाजूचं चौकोनी भोक उरतं. त्रिकोणांचं क्षेत्रफळ प्रत्येकी १५०, चार मिळून ६००, भोकाचे २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. माझ्या मुलीला सूत्र पाठ होतं, पण भोकावर बोट ठेवून 'हे पाच म्हणजे वीस वजा पंधरा!' म्हणाली, तेव्हा तिला ते कळलं.

उलट चार रंगांचं प्रमेय बघा. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात यावेत म्हणून कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात, हे केनेथ ॲपल आणि वोल्फगांग हाकेन या गणितज्ञांनी १९७६ मध्ये संगणकाकडून जवळजवळ दोन हजार आकृत्या तपासून घेऊन सिद्ध केलं. पण चारच का, असं विचारलं तर त्या यादीकडेच बोट दाखवावं लागतं.

उत्तर २ :
उदाहरणं पटली, शब्द नाही. 'गोलाध्याय' या खगोलावरच्या ग्रंथात भास्कराचार्यच म्हणतात की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान नाही, आणि तो स्वतःही निःसंशय होत नाही. म्हणजे दुसऱ्याला पटवणं आणि आपली शंका फिटणं, दोन्ही कामं त्या एकाच शब्दाकडे. तुम्हाला तर ती वेगळी करायची आहेत. शिवाय आज 'उत्क्रांतीची उपपत्ती' म्हटलं की थिअरी कळते, वाचक चकेल. ('सिद्धता'लाही 'लढाईची सिद्धता' हा तयारीचा अर्थ आहेच, पण पक्ष, साध्य, सिद्धता हे भूमितीच्या वहीतून अंगवळणी पडलंय.) मी 'उलगडा' म्हणेन. घडी उलगडली की आतलं दिसतं, तसं.

प्रश्नकर्ती :
वाक्यात घालून पाहिलं : 'चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता मिळाली, उलगडा झाला नाही.' छान बसतंय! विशेषण लागेल तिथे 'उलगडणारी सिद्धता' लिहीन. भास्कराचार्यांचा दाखला येईल तिथे मात्र 'उपपत्ती'च ठेवते.