तापल्यावर स्टेअरिंग जड होते : रॅक बदलण्यापूर्वी काय तपासावे?

वाईकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१० सालची डिझेल सेडान आहे. तिचे पॉवर स्टेअरिंग जुन्या पद्धतीचे, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि ऑइल यांवर चालणारे आहे. सकाळी गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग अगदी हलके असते. परंतु साताऱ्याहून पुण्यात पोहोचल्यावर, इंजिन चांगले तापलेले असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वळवू लागलो की ते दोन्ही बाजूंना जड येते आणि बॉनेटखालून घुमल्यासारखा आवाज येतो. महामार्गावर मात्र काहीच जाणवत नाही. ऑइलची पातळी किंचित खाली होती, ती भरून घेतली. जमिनीवर थेंब पडलेला दिसत नाही. गॅरेजमध्ये स्टेअरिंग दोन-तीनदा फिरवून ‘रॅक गेला आहे, बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले (रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवले की पुढची चाके वळवणारी दातेरी दांडी व तिचे घर). खर्च मोठा असल्यामुळे त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना पाना

आपण दिलेल्या वर्णनातच निम्मे निदान आहे. टायरमध्ये हवा कमी असणे, स्टेअरिंगच्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट (दांड्याचे दोन भाग जोडणारा वळता सांधा) गंजणे किंवा पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरवरचे बेअरिंग अडकणे यांमुळेही स्टेअरिंग जड होते, पण या दोषांना सकाळ आणि दुपार सारखीच असते. युनिव्हर्सल जॉइंट अडकत असेल तर एका पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी जड आणि मध्ये हलके असे आळीपाळीने जाणवते. वरचे बेअरिंग अडकत असेल तर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. आपल्याकडे यांपैकी काही दिसत नाही.

तापल्यावरच जड होणे म्हणजे दाब कमी पडणे. ऑइल गरम झाले की पातळ होते, आणि पंपाच्या आतील पाती किंवा त्यांच्याभोवतीचे कडे झिजलेले असेल तर ते पातळ ऑइल फटींतून मागे निसटते. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, पंप सावकाश फिरत असल्यामुळे ही गळती भरून निघत नाही. महामार्गावर तो वेगाने फिरतो आणि तिथे स्टेअरिंगला जोरही कमी लागतो, म्हणून तिथे दोष झाकला जातो. पुढच्या वेळी गाडी तापलेली असताना उभ्या जागी स्टेअरिंग फिरवून पाहा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिन साधारण १५०० आरपीएमवर ठेवायला सांगा. त्याने स्टेअरिंग लगेच हलके झाले, तर माझा पहिला संशय पंपावर राहील.

घाटवाट

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, तरी एक दुरुस्ती सुचवतो. रॅकच्या आतील सील झिजले तरी तापलेले पातळ ऑइल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निसटते आणि आरपीएम वाढवल्यावर तिथेही फरक पडतो, त्यामुळे केवळ या एका चाचणीवर पंपाला दोषी धरणे घाईचे होईल. शिवाय घुमण्याचा आवाज सांगितला आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बेल्ट घसरत असेल तर आवाज कर्कश, किंचाळल्यासारखा येतो. घुमणारा आवाज बहुधा पंपात हवा शिरल्याचा असतो.

इंजिन चालू ठेवून ऑइलच्या टाकीचे झाकण उघडा आणि टॉर्च मारून आत पाहा. ऑइलवर फेस दिसला किंवा ते दुधी, गढूळ दिसले, तर टाकीकडून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप तपासा. या पाइपात पंप ऑइल ओढत असल्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. साहजिकच क्लिप सैल झाली किंवा रबर कडक होऊन चिरले तर ऑइल बाहेर टपकण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. जमिनीवर थेंब नसल्याचा उलगडा त्यातून होऊ शकतो. पातळी कमी का झाली, हे शोधण्यासाठी रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे आवरणे, हाताने दाबून पाहा. आत ऑइल साचून ते फुगलेले लागले, तर रॅकचे बाहेरचे सील खरोखरच गेले आहे असे समजा. आणि टाकीत वाहनाच्या पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल आहे ना, याची खात्री करा. त्या जागी ब्रेक ऑइल ओतले गेल्यास सील फुगून कायमचे खराब होतात.

पावसाळी

थोडे अवांतर विचारतो, क्षमा असावी. माझ्या छोट्या हॅचबॅकला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, ऑइलचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर सुरू केली की स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागतो आणि ते दगडासारखे जड होते. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याचदा ठीक होते. सर्व्हिस सेंटरने पूर्ण कॉलम, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा सगळा भाग, बदलण्याचा खर्च सांगितला आहे.

जुना पाना

पावसाळी, आपल्या बाबतीत बॅटरीपासून सुरुवात करा. स्टेअरिंगची मोटर बॅटरीतून मोठा प्रवाह ओढते, आणि स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज फार खाली गेले तर तिचे नियंत्रक यंत्र मदत बंद करून दिवा लावते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. टर्मिनलवरची पांढरी भुकटी आणि बॉडीला जोडलेली अर्थची वायर साफ करून घ्या. एवढ्यानेही दिवा लागत राहिला, तर गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषसंकेत वाचून घ्या. मात्र बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सहसा फक्त इंजिनाचे संकेत वाचतात, स्टेअरिंगचे संकेत बहुतेक वेळा ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि त्यांसाठी त्या गाडीला चालणारा पूर्ण स्कॅनर लागतो. संकेत टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या भागाचा) किंवा मोटरचा निघाला, तरच कॉलमचा विचार करावा.

वाईकर

आपल्या सूचनांप्रमाणे पाहणी केली. तापल्यावर ॲक्सिलरेटर दाबला असता स्टेअरिंग स्पष्टपणे हलके होते. टाकीत फेस होता, आणि पंपाकडे जाणारा पाइप क्लिपजवळ इतका कडक झाला होता की बोटांनी दाबल्यावर तो वाकण्याऐवजी त्यावर बारीक भेगा उमटल्या. पाइप व क्लिप बदलून हवा काढून घेतल्यावर घुमणे थांबले; जडपणा मात्र कमी झाला असला तरी पूर्ण गेलेला नाही. रॅकचे बूट आतून कोरडे आहेत. आता पंप आणि रॅक यांपैकी कोण, हे कसे ठरवावे?

घाटवाट

आता प्रेशर गेजला पर्याय नाही. हे गेज पंप आणि रॅक यांच्यामधल्या जास्त दाबाच्या पाइपात जोडतात आणि त्याच्या पुढे, म्हणजे रॅकच्या बाजूला, एक झडप असते. ऑइल तापलेले असताना ती झडप क्षणभर पूर्ण बंद करून पंपाचा कमाल दाब वाचायचा. पाच सेकंदांहून अधिक काळ ती बंद ठेवल्यास पंपच जळेल, म्हणून हे काम सवयीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. झडप बंद असतानाही दाब पुस्तिकेतल्या आकड्याखाली राहिला, तर दोष पंपात आहे. तेव्हा दाब पुरेसा आला, पण झडप उघडून स्टेअरिंग एका टोकाला फिरवून धरल्यावर तो कमी पडला, तर रॅक आतून गळतो आहे आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. बेल्टचा ताण मात्र गेज जोडण्याआधीच पाहून घ्या, कारण घसरणाऱ्या बेल्टवर घेतलेला आकडा निरुपयोगी असतो.

वाईकर

गेज लावून घेतले. झडप बंद असताना गार ऑइलवर दाब ठीक होता, तापल्यावर तो बराच खाली आला. म्हणजे पंपच. दुरुस्त केलेला पंप घ्यावा की नवा?

जुना पाना

दुरुस्त केलेला चालेल, पण केवळ सील बदललेला असेल तर घेऊ नका, कारण त्याने पात्यांची आणि कड्याची झीज भरून निघत नाही. ते दोन्ही भाग बदलले आहेत का, हे लेखी विचारा. पंप बसवण्यापूर्वी परतीचा पाइप सोडवून सर्व जुने ऑइल काढून टाका आणि टाकीच्या तळाशी असलेली जाळी धुवा. ती धुता येत नसेल तर टाकी बदला, नाहीतर जुन्या पंपाची धातूची भुकटी नव्या पंपात जाईल. हवा काढताना पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा आणि टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल भरत जा. इंजिन त्यानंतरच सुरू करा.