संगीतावरचे चांगले माहितीपट तुम्हाला कसे सापडले? इंदूरकरांचे अनुभव

निवेदन (रामबाग)

गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या घरी शेजारची आठ-दहा मंडळी जमली होती. शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँ यांच्यावरील जुना माहितीपट सर्वांनी मिळून मोठ्या पडद्यावर पाहावा, असे ठरले होते. मी टीव्हीच्या रिमोटमध्ये ‘अमीर खान’ असे बोललो आणि समोर हिंदी चित्रपटांतील प्रसिद्ध नटाच्या चित्रपटांची रांग उभी राहिली. मागे ‘उस्ताद’ जोडून पाहिले, तरी काही हाती लागले नाही. ज्या गावाचे नाव खाँसाहेबांच्या घराण्याला मिळाले, जिथे त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवीत असत, त्याच गावात बसून आम्हाला त्यांची एक चित्रफीत सापडू नये, याचे मला फार वाईट वाटले.

दोन दिवसांनी तो माहितीपट सापडला. ‘फिल्म्स डिव्हिजन’ या सरकारी संस्थेने १९७० साली तयार केलेला, एस. एन. एस. शास्त्री यांनी दिग्दर्शित केलेला, कृष्णधवल आणि अर्ध्या तासाहूनही लहान. तो आम्ही पैसे भरत असलेल्या कोणत्याही सेवेवर नव्हता. यूट्यूबवर विनामूल्य होता. ‘फिल्म्स डिव्हिजन १९७०’ असे लिहिल्याबरोबर तो वर आला.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की, आपल्याला आवडलेला संगीतविषयक माहितीपट कोणता, तो कसा सापडला आणि कशामुळे आवडला, हे सविस्तर लिहावे. केवळ नाव लिहून थांबू नये.

तिलकनगर (निवृत्त ग्रंथपाल)

ग्रंथालयात पूर्वी प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डे असत: लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. वाचक कोणत्याही दाराने आत आला, तरी पुस्तकापर्यंत पोहोचत असे. ओटीटी सेवांवर शीर्षकाचे दार तेवढे नीट उघडते. विषयाच्या दारातून गेल्यास ‘संगीत’ या शब्दाखाली प्रेमकथा, गाण्यांच्या स्पर्धा आणि गायकाच्या जीवनावरील काल्पनिक मालिका एकत्र येतात आणि माहितीपट तळाशी राहतो. लेखकाचे दार, म्हणजे दिग्दर्शकाचे नाव, हे मात्र बरेचदा उघडे असते, आणि त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात.

मी एक वही केली आहे. तिच्यात कलावंतांची नव्हे, तर दिग्दर्शकांची आणि निर्मात्या संस्थांची नावे आहेत. जब्बार पटेल यांनी कुमार गंधर्वांवर ‘हंस अकेला’ केला. गुलजारांनी पंडित भीमसेन जोशी आणि उस्ताद अमजद अली खाँ यांच्यावर माहितीपट केले. गौतम घोष यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यावर केला. मणी कौल यांनी १९८२ मध्ये ‘ध्रुपद’ आणि पुढे १९८९ मध्ये ‘सिद्धेश्वरी’ केला. एका दिग्दर्शकाचे नाव लिहिले की त्याचे इतर काम आपोआप समोर येते, आणि ज्या माणसाने एका गवयाकडे आदराने पाहिले, तो दुसऱ्याकडेही बहुधा तसाच पाहतो.

संस्थांमध्ये फिल्म्स डिव्हिजनचे नाव सर्वांत वर आहे. ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. त्यामुळे जुना माहितीपट आता दोन्ही नावांनी शोधावा लागतो. प्रसार भारतीचे संग्रहही इंटरनेटवर आहेत आणि त्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज’ नावाची स्वतःची सेवा सुरू केली आहे. दूरदर्शनवर आपण पूर्वी रात्री उशिरापर्यंत जागून जे पाहिले, त्यातील काही तिथे पुन्हा भेटते.

तिसरा मार्ग राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या याद्यांचा. कथाबाह्य चित्रपटांचा, म्हणजे माहितीपट वगैरेंचा, त्यात स्वतंत्र विभाग असतो. शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरील नंदन कुढ्याडी यांचा ‘रसयात्रा’ मला अशाच यादीत सापडला. १९९४ च्या चित्रपटांसाठीच्या पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला होता. कोणत्याही सेवेने तो मला कधी सुचवला नसता, कारण सुचवणारे गणित आपण काल काय पाहिले त्यावर चालते, आणि मी काल मन्सूरअण्णांना पाहिले नव्हते.

सुदामानगर

एका सेवेची वर्षाची वर्गणी मी एकाच माहितीपटासाठी भरली. तीन महिन्यांनी अर्धा राहिलेला तो माहितीपट पुन्हा लावायला गेलो, तेव्हा तो तेथून काढलेला होता. ग्राहक कक्षाने हक्कांची मुदत संपल्याचे सांगितले. तेव्हापासून मी आधी ‘जस्टवॉच’ या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून चित्रपटाचे नाव टाकतो, तो आज कोणत्या सेवेवर आहे ते पाहतो आणि फक्त एका महिन्याचे पैसे भरतो.

देवास (शाळेत शिक्षिका, माहेर इंदूरचे)

तिलकनगरच्या काकांनी ‘हंस अकेला’चा उल्लेख केला, त्याला धरूनच लिहिते. कुमारजी १९४८ मध्ये क्षयरोगावरील उपचारांसाठी, कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत येथेच राहिले, हे आमच्या गावातील मुलांना पाठ असते. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घरावरून मी रोज शाळेत जाते. तरीही आजारपणाच्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीते पडत राहिली आणि पुढे तेच सूर त्यांच्या गाण्यात उतरले, ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने उमगली ती शबनम विरमानी यांच्या ‘कोई सुनता है’ या माहितीपटातून.

तो मला कुमारजींच्या नावाने सापडला नाही. मी आमच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी लोकगायक प्रह्लादसिंह टिपानिया यांची कबीराची भजने शोधत होते. त्या शोधात विरमानी यांचा ‘चलो हमारा देस’ समोर आला; त्यात माळव्याचे टिपानियाजी आणि कबीराच्या अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांची मैत्री आहे. तो संपल्यावर शेजारी त्याच मालिकेतील आणखी तीन नावे दिसली: ‘हद-अनहद’, ‘कबीरा खडा बाजार में’ आणि ‘कोई सुनता है’. चारही माहितीपट यूट्यूबवर विनामूल्य आहेत.

काकांच्या मताचा आदर राखून मला एवढेच सांगायचे आहे की, दिग्दर्शकाच्या आधी गाण्याचा माग काढावा. एखादे पद, एखादी बंदिश मनात घोळत असेल, तर तिचे शब्दच शोधाच्या चौकटीत लिहावेत. गाणे एका माणसाचे नसते. ते गावागावांतून गेलेले असते, आणि त्याच्या वाटेवर कोणीतरी कॅमेरा घेऊन उभा राहिलेला असतो. ‘कोई सुनता है’मध्ये शास्त्रीय गायक आणि खेड्यातील भजनी यांना एकाच आसनावर बसवले आहे, कोणालाही वरचढ ठरवलेले नाही. आमच्या वर्गातील मुलांना मी तो दोन भागांत दाखवला. आपल्याच आजीच्या तोंडचे भजन पडद्यावर ऐकून एक मुलगी उभी राहून गाऊ लागली.

राजेंद्रनगर (ध्वनिमुद्रणाचे काम करतो)

माहितीपट सापडल्यानंतरचा एक मुद्दा मांडतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘ध्रुपद’ लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. आवाजच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी जाऊन पाहिले, तर टीव्हीमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय चालू होती. ही सोय मानवी बोलण्याच्या पट्ट्यातील आवाज उचलते आणि त्याखालचे व वरचे आवाज दाबते. बातम्यांसाठी ती उपयोगी आहे, परंतु तानपुऱ्याचा झंकार आणि रुद्रवीणेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातील गंभीर स्वर, तिच्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो. ध्रुपदाच्या आलापातून खर्ज काढून घेतला, तर उरते काय? म्हणून आवाजाची मांडणी ‘संगीत’ किंवा ‘साधी’ अशी ठेवावी, मोठे आवाज आपोआप कमी करणारी सोय बंद करावी आणि शक्य असेल तर टीव्ही बाहेरच्या दोन स्पीकरांना जोडावा. फोनच्या स्पीकरवर तर असे माहितीपट पाहूच नयेत. साधे हेडफोनही पुष्कळ बरे. हालचाल गुळगुळीत करणारी चित्राची सोयही बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे जुनी फिल्म कालच चित्रित केल्यासारखी कृत्रिम दिसते.

त्या कुटुंबाने नंतर ‘ध्रुपद’ पूर्ण पाहिला.

लोकमान्यनगर (तबलावादनाचे वर्ग घेतो)

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो गिटार वाजवतो आणि माझ्या वर्गात बसत नाही, याची मला अनेक वर्षे खंत होती. त्याने मला ‘बीटल्स’ या प्रसिद्ध इंग्लिश बँडवरील ‘द बीटल्स: गेट बॅक’ पाहायला बसवले. पीटर जॅक्सन यांनी २०२१ मध्ये, जानेवारी १९६९ मधील सुमारे ६० तासांच्या चित्रफितींतून ही जवळपास आठ तासांची मालिका बांधली आहे. त्यात एक प्रसंग आहे: सहकारी यायचा आहे, आणि पॉल मॅकार्टनी हातातील वाद्य नुसते छेडत बसला आहे, पाहता पाहता त्या छेडण्यातून एक नवे गाणे आकार घेते. कोणी निवेदन करत नाही, कोणी समजावून सांगत नाही. मी मुलाला म्हणालो, ‘हा तर रियाज आहे रे.’ त्यावर तो म्हणाला, ‘बाबा, म्हणूनच तुम्हाला बसवलं.’

मला वाटते, चांगल्या माहितीपटाची ही मोठी खूण आहे: तो कलावंताचे तयार गाणे दाखवून थांबत नाही, ते होताना दाखवतो. आता आम्ही दोघे आलटून पालटून निवड करतो. त्याने ‘समर ऑफ सोल’ आणला. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत १९६९ च्या उन्हाळ्यात झालेल्या संगीत महोत्सवाच्या सुमारे ४० तासांच्या फिती जवळपास पन्नास वर्षे बाहेर न येता पडून होत्या. त्यातून हा माहितीपट झाला आणि २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मी मुलाला अमीर खाँसाहेबांचा माहितीपट दाखवणार आहे. त्यांचा अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतील झूमरा ताल ऐकताना एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत मनात ठेका कसा धरून ठेवायचा, हे मला त्याला जवळ बसून सांगायचे आहे.

स्नेहलतागंज

मी पंचवीस वर्षे इंदूरमधील ऑर्केस्ट्रांत कोरस गायले. लताबाई या गावात जन्मल्या, त्यामुळे येथे त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम सतत होत असतात. पण मागे उभ्या असलेल्या चौघींकडे कोणाचे लक्ष जात नाही. भाचीने मला ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ लावून दिला. तो अमेरिकेतील मोठ्या गायकांच्या मागे गाणाऱ्या स्त्रियांवर आहे. मेरी क्लेटन आपला जुना आवाज एकट्याने, बाकीची वाद्ये बंद करून ऐकते, तो क्षण मी तीन वेळा पाहिला. मला इंग्रजी फारसे येत नाही. खालची इंग्रजी वाक्ये थांबवून थांबवून भाचीने अर्थ सांगितला. आपल्याकडील कोरस गाणाऱ्यांवर असे काही कोणाच्या पाहण्यात असेल, तर जरूर कळवावे.

साकेत

एक सावधगिरी सुचवतो. अलीकडे प्रसिद्ध गायकांवर जे चकचकीत माहितीपट येतात, त्यांची श्रेयनामावली आधी पाहावी. ज्याच्यावर माहितीपट आहे तोच किंवा त्याचीच कंपनी निर्माती असेल, तर त्यातून अडचणीचे प्रश्न बहुधा गाळलेले असतात. असे माहितीपट पाहू नयेत असे मी म्हणत नाही. घरातल्या जुन्या चित्रफिती त्यांनाच मिळतात, हेही खरे. परंतु माझी कसोटी अशी की पहिल्या पंधरा मिनिटांत किमान एक गाणे, मध्ये कोणी न बोलता, दोन-तीन मिनिटे तरी ऐकू द्यावे. तसे झाले नाही, तर मी पुढे पाहत नाही.

तिलकनगर (पुन्हा)

देवासच्या ताईंनी सांगितलेला गाण्याचा माग मी काल करून पाहिला. ‘उड जाएगा हंस अकेला’ हे शब्द लिहिले, आणि माझ्या वहीत नसलेली दोन ध्वनिचित्रमुद्रणे मिळाली. वहीत आता चौथा रकाना आखला आहे, पदांच्या आणि बंदिशींच्या मुखड्यांचा.

निवेदन (रामबाग)

काल संध्याकाळी मंडळी पुन्हा जमली. राजेंद्रनगरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे टीव्हीची मांडणी बदलली आणि लोकमान्यनगरच्या गुरुजींकडून दोन स्पीकर आणले. गुरुजी मुलासह आले होते. अमीर खाँसाहेबांचा माहितीपट आम्ही दोनदा पाहिला. पहिल्या वेळी सर्वजण पडद्याकडे पाहत होते. दुसऱ्या वेळी समोरच्या वाड्यातील ८७ वर्षांच्या आजोबांनी दिवा घालवायला सांगितला, कारण त्यांना फक्त ऐकायचे होते. तानपुरा स्वच्छ ऐकू येत होता. पुढच्या रविवारी ‘कोई सुनता है’ लावायचे ठरले आहे, आणि देवासच्या ताई बसने येणार आहेत.