दुर्गम ओढ्यांवर गाइडसोबत फ्लाय फिशिंग: पैसे भरण्याआधी काय विचारावे?

काठावरचा

मंडळी, ट्राउट माशांसाठी पाच दिवसांची फ्लाय फिशिंगची (गळावर बांधलेला बनावट किडा, म्हणजे फ्लाय, वापरून मासेमारी) सहल ठरवतोय. गाडीरस्ता संपला की दोन-तीन तास चालायचे, तंबूत राहायचे आणि फारसे कुणी जात नाही असे ओढे आणि लहान नद्या धुंडाळायच्या. आजवरचा अनुभव तळ्यांचा: ६ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर, मोठा नंबर म्हणजे जड लाइन), मोकळा काठ, लांब कास्ट (फेक). माहितीपत्रकात मोठ्या माशांचे फोटो सोडले तर काहीच नाही. गाइडला नेमके काय विचारायचे? ६ वेट चालेल का? हातात दोन महिने आहेत, सराव कसला करू?

उलटी धार

पहिला प्रश्न: एका गाइडमागे किती जण? लहान ओढ्यावर दोन ही कमाल मर्यादा, आणि तीही आळीपाळीने, एक जण कास्ट करेल तेव्हा दुसरा मागे थांबेल. तिघे असतील तर तिसऱ्याच्या वाट्याला बिथरलेलेच मासे येणार.

दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: ज्या पट्ट्यात नेणार तिथे आधीचा माणूस कधी उतरला होता, आणि पाच दिवसांसाठी वेगवेगळे पट्टे किती आहेत? नितळ, लहान पाण्यातला जंगली ट्राउट एकदा दचकला की लगेच पुन्हा खायला येत नाही. पट्ट्याला विश्रांती लागते. चांगला गाइड पट्टे फिरवत राहतो आणि हे उत्तर त्याच्या जिभेवर असते. "मासे भरपूर आहेत, काळजी नको" असे उत्तर आले तर समजून घ्या.

मग पावसाचे विचारा. नदी गढूळ झाली तर पर्याय काय? ज्या ओढ्याचा उगम तळ्यात आहे तो लवकर निवळतो, कारण गाळ तळ्यातच बसतो. झऱ्यावर चालणारा ओढा तर पावसातही फारसा बिघडत नाही. यातले एकही पाणी चालण्याच्या टप्प्यात नसेल तर दोन दिवस तंबूत बसायची तयारी ठेवा.

चाल किती हे तासांत विचारू नका. किलोमीटर, चढ, आणि पायवाट आहे की झुडपांतून वाट काढायची, हे विचारा. मोबाइलला रेंज नसणार, तेव्हा उपग्रहावर चालणारा संदेशक कोणाकडे असतो, गाइडचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण चालू मुदतीचे आहे का, आणि त्या जमिनीवर व्यवसाय करायचा परवाना त्याच्याकडे आहे का. तुमचा मासेमारीचा परवाना वेगळा. शेवटच्या टप्प्याला घोडा, हेलिकॉप्टर किंवा लहान विमान असेल तर सामानाची वजनमर्यादा लेखी घ्या.

एक खूण सांगतो. जाणता गाइड उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: गुडघे कसे आहेत, वाऱ्यात दहा मीटरवर फ्लाय टाकता येते का, पोहता येते का. जो काही न विचारता माशांचा आकडा सांगतो, त्याच्यापासून सावध.

चार वेट

६ वेट घरी ठेवा. ८ ते ९ फुटांचा, चार तुकड्यांचा ४ वेट घ्या. लाइन जड असली की पाण्यावर आपटते, आणि घोटाभर नितळ पाण्यात मासा बिथरायला तेवढे पुरते. लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक दोरा) ९ फुटी, झाडी दाट असेल तर साडेसात. टिपेट (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा, त्याला फ्लाय बांधतात) ४एक्स आणि ५एक्स, म्हणजे साधारण ०.१८ आणि ०.१५ मिमी. ढोबळ हिशोब असा: गळाच्या नंबरला तीनने भागा, एक्सचा आकडा मिळतो. १४ नंबरच्या फ्लायला ५एक्स. टिपेट याहून बारीक घेतले की कास्ट करताना फ्लाय गरगरते आणि टिपेटला पीळ बसतो.

फ्लाय फार नकोत. तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस १२ ते १६ नंबरच्या, निंफमध्ये (बुडणाऱ्या फ्लाय) फेझंट टेल आणि हेअर्स इअर १४ ते १६, थोड्या मणीवाल्या (मणी वजनासाठी). गळाची आकडी (टोकाजवळचा उलटा काटा) पकडीने घरीच दाबून टाका. अंदाज येत नसेल तर वर १२ नंबरची तरंगती कॅडिस, तिच्या गळाच्या बाकाला ४५ सेंमी टिपेट आणि खाली निंफ. निंफ तळाला लागत नसेल तर आधी टिपेट लांबवा, जड फ्लाय नंतर.

सराव अंतराचा नको, नेमकेपणाचा करा. जमिनीवर अर्ध्या मीटरची रिंगणे आखा, ६, ८ आणि १० मीटरवर. हवेत एकदाच मागे-पुढे आणि तिसऱ्याला फ्लाय खाली. माशाच्या डोक्यावर चार-पाच वेळा लाइन फिरवणे हीच तळ्यावरून आलेल्यांची नेहमीची चूक, सावली आणि तुषार दोन्ही त्याला दिसतात. मागे झाडी असेल तेव्हासाठी रोल कास्ट (लाइन मागे न नेता टाकायचा) हवा. हा पाण्यावरच शिका. गवतावर लाइनला पकड मिळत नाही, मग हाताला वाईट सवय लागते. फांद्यांखाली धनुष्यबाण कास्ट: रॉडच्या लांबीएवढी लाइन बाहेर, फ्लाय गळाच्या बाकाला धरून मागे ताणायची, टोक रोखायचे, सोडायची. गळाच्या टोकाला धरलेत तर बोटात जाईल.

डोहशोध्या

४ वेटबद्दल थोडा मतभेद. दरी उघडी असेल आणि दुपारी वारा उठत असेल तर ५ वेट बरा. जड निंफही त्याने सहज जाते. गाइडला ओढ्याची रुंदी आणि वारा विचारून ठरवा. सराव मात्र अगदी बरोबर.

भर: मासा तोंड धारेकडे करून उभा असतो म्हणून खालच्या अंगाने, वाकून जायचे. पण डोहाच्या कडेला पाणी उलटे फिरते तिथे माशाचे तोंडही उलटे, म्हणजे तुमच्याकडेच असते. आधी पाण्यावरचा फेस कुठे वाहतोय ते बघा. आणि पाय घालण्याआधी पायाजवळच्या पाण्यात एक कास्ट टाका. कडेचा उथळ भाग मोकळा समजून लोक तुडवत जातात आणि तिथला मासा पळताना पुढच्या सगळ्यांना उठवतो.

रॉड मोडतो तो बहुधा माशामुळे नाही. झुडपांतून चालताना टोक पुढे असते म्हणून मोडतो (मूठ पुढे, टोक मागे धरा), नाहीतर मणीवाली निंफ कास्ट करताना रॉडच्या कार्बनवर आपटून बारीक इजा झालेली असते आणि पुढच्या जोराला तो तिथेच तुटतो. दिवसातून दोन-तीनदा सांधे तपासा, ते हळूहळू सैल होतात. पाच दिवसांसाठी दुसरा रॉड न्याच.

काठावरचा

आभार! वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) न्यायचे का? आणि माझ्या बुटांना नमद्याचे (फेल्ट) तळ आहेत, ते चालतील?

उलटी धार

उन्हाळ्यात एवढ्या चालीला वेडर नकोत, घामाने आतून भिजाल. पटकन वाळणारी पँट, ३ मिमी निओप्रीनचे मोजे आणि रबरी तळाचे बूट. पाणी बर्फाचे असेल तर वेडर पाठीवर, आणि कमरेच्या पट्ट्याशिवाय घालायचे नाहीत.

नमदा नको. तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि डिडिमोसारखे शेवाळ एका नदीतून दुसरीत नेतो. न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यावर बंदीच घातली. बाकी सामानही घासून धुवा, आणि हाताला कोरडे लागल्यावर आणखी ४८ तास वाळू द्या. नाड्या आणि बुटांची जीभ सर्वांत उशिरा वाळते.

ओढा ओलांडताना पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, काठी वरच्या अंगाला टेका, एका वेळी एकच पाय हलवा. खाली आडवे पडलेले झाड असेल तर तिथून ओलांडू नका, पाणी त्यातून जाते आणि माणूस अडकतो. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांना दुपारनंतर पाणी चढते. सकाळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलात तर संध्याकाळी तिथेच मांडीच्या वर असू शकते. परतताना ओढा कुठे ओलांडायचा, हे निघण्याआधी गाइडला विचारा.

डोहशोध्या

थर्मामीटर न्या, वजन काहीच नसते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउटची मासेमारी थांबवायची. सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. रबरी जाळे, हात ओले, मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा.

अवांतर: फोटो काढण्याआधी मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करा, आणि मागे ओळखू येईल असे शिखर येऊ देऊ नका. अनेक गाइड हे आधीच सांगतात, न सांगितले तरी पाळा.